गमावलेल्या हाताचे टक्के

नागपूरच्या रामदासपेठेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे एखादा हात गमावलेला माजी सैनिक आला, तर त्याच्या फायलीत तीन वेगवेगळे टक्के सापडू शकतात. एक आकडा लष्कराच्या वैद्यकीय मंडळाने लिहिलेला, दुसरा सरकारी रुग्णालयाच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरचा आणि तिसरा पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, पेन्शनसाठी धरलेला. हात मात्र एकच गेलेला असतो.

रामदासपेठ आणि तिला लागून असलेली धंतोली हा साऱ्या विदर्भाच्या उपचारांचा पट्टा आहे. चंद्रपूर, यवतमाळ, भंडारा, गडचिरोलीची माणसे एक्स-रेची पाकिटे घेऊन इथे उतरतात. इथून जवळच कामठीची छावणी आहे, तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे प्रशिक्षण केंद्र आणि लष्करी रुग्णालय आहे. माजी सैनिक, त्यांचे डॉक्टर आणि त्यांची कागदपत्रे सतत एकमेकांना भेटत असतात असे हे शहर आहे. म्हणून हा प्रश्न इथे मुळापासून मांडायला हवा. सैनिकाचा एक हात गेला, तर त्याची भरपाई कोणत्या मापाने ठरते, ते माप कुठून आले, आणि ते पुरेसे आहे का?

वरच्या तिन्ही आकड्यांत लबाडी कोणाचीच नाही. प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजतो. पण या हाताने हा माणूस काय करत होता आणि आता काय करू शकणार नाही, हे तिघांपैकी एकही पूर्णपणे विचारत नाही. हे विचारल्याशिवाय ठरवलेली भरपाई अपुरी राहते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठी मुलुखाला हा प्रश्न नवा नाही. १६५९ मध्ये प्रतापगडाखाली अफझलखानाच्या फौजेशी लढाई झाली. त्यानंतर शिवाजी महाराजांनी जखमींना जखम पाहून दोनशे, शंभर, पन्नास, पंचवीस असे होन दिल्याची नोंद कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीत आहे. मेलेल्या शिपायाला मुलगा नसेल तर त्याच्या बायकोला निम्मे वेतन चालवावे, असेही तिथे आहे. आजच्या वादाचे दोन्ही धागे या नोंदीत सापडतात. जखमेच्या तीव्रतेनुसार प्रतवारी करायची हा एक, आणि एकदाच रक्कम द्यायची की कायमचे चालवायचे हा दुसरा.

आधुनिक काळातली प्रतवारी पहिल्या महायुद्धाच्या आसपास घडली. ब्रिटिशांच्या बाजूने लढलेले हिंदी सैनिक अपंग होऊन परतू लागले, तेव्हा १९१७ मध्ये त्यांना कामधंदा शिकवण्यासाठी मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीला गेली आणि आजही तिथे आहे. १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. त्याच्या मूळ अनुसूचीत उजवा हात कोपराशी किंवा कोपरावर गेला तर ७० टक्के आणि डावा गेला तर ६० टक्के, असा भेद होता. १९६२ च्या दुरुस्तीत ही अनुसूची बदलली. उजव्या-डाव्याचा भेद गेला आणि हात नेमका कुठे कापला गेला हे मोजले जाऊ लागले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, मे १९४४ मध्ये, पुण्याच्या वानवडीत कृत्रिम अवयव केंद्र उभे राहिले. हात-पाय गमावलेल्या सैनिकांच्या पिढ्यान्‌पिढ्या तिथून गेल्या आहेत.

कामगार कायद्यातली मोजणी अशी आहे. खांद्याच्या सांध्यातूनच हात गेला तर ९० टक्के. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून २०.३२ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे आठ इंचांपेक्षा कमी हात उरला तर ८०. त्याहून अधिक उरला, पण कोपराच्या टोकाखाली साडेचार इंचांपर्यंत पोचला नाही, तर ७०. त्याखाली कापला गेला, किंवा पंजाच गेला, तर ६०. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, फक्त अंगठा गेला तर ३०. दोन्ही हात गेले तर १००. अवयव जागेवर असूनही त्याचा उपयोग कायमचा संपला, तर तो गेलाच असे धरायचे, अशीही तरतूद आहे. खांद्याजवळच्या मज्जातंतूंना इजा होऊन हात लुळा पडलेल्या माणसासाठी हे कलम फार मोलाचे आहे. लष्करी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या मार्गदर्शिकेतली मोजणी याच ब्रिटिश घराण्यातून आलेली आहे.

दिव्यांगत्व प्रमाणपत्राची मोजणी वेगळ्या वाटेने जाते. तिथे खांद्याचे पातेही काढावे लागले तर १०० टक्के, खांद्याच्या सांध्यातून ९०, कोपराच्या सांध्यातून ७५, मनगटातून ६०. मधल्या जागांसाठी आणखी पायऱ्या आहेत. म्हणजे खांदा आणि मनगट या दोन टोकांना दोन्ही तक्ते जुळतात आणि मधे फुटतात. कोपरातून हात गेलेला माणूस एका तक्त्यात ७० टक्क्यांचा, तर दुसऱ्यात ७५ टक्क्यांचा ठरतो.

सैनिकाच्या बाबतीत टक्क्यांच्या आधी आणखी एक उंबरठा असतो. इजा सेवेमुळे झाली की नाही, किंवा सेवेमुळे वाढली की नाही, हे मंडळ आधी ठरवते. त्याचे उत्तर होकारार्थी आले आणि टक्के किमान २० असले, तरच डिसॅबिलिटी पेन्शनचा विचार होतो. ३१ जानेवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्राने इजांचे ‘ए’ ते ‘ई’ असे पाच वर्ग पाडले. सेवेशी संबंध नसलेल्या इजा एका टोकाला, आणि शत्रूच्या कारवाईत, सीमेवरच्या चकमकीत झालेल्या इजा दुसऱ्या टोकाला. मधे कर्तव्यावरचे अपघात आणि दहशतवाद्यांचे हल्ले येतात. जवानाचा हात पुलवामात गेला की पठाणकोटच्या रस्त्यावर गाडी उलटून गेला, यावर त्याच्या पेन्शनचा सांगाडाच बदलतो.

आजारांच्या बाबतीत सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग प्रकरणात मोठा दिलासा दिला. भरतीच्या वेळी माणूस धडधाकट होता अशी नोंद असेल, तर पुढे झालेला आजार सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर, असे तत्त्व त्यात आहे. हात जाण्याच्या प्रकरणांत अडचण वेगळी असते. विदर्भातले अनेक जवान हंगामात रजा घेऊन शेतावर येतात. मळणीयंत्रात हात गेला, किंवा रजेवर असताना मोटरसायकलला अपघात झाला, तर सेवेशी कार्यकारण संबंध दाखवता येत नाही. मग टक्के कितीही असोत, डिसॅबिलिटीचा हिस्सा मिळत नाही. नियमाचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. तरी हात गेल्यामुळे त्या जवानाची सैन्यातली नोकरीच संपते, आणि त्या नुकसानीसाठी या तक्त्यात एकही रकाना नाही.

आता पैशाकडे येऊ. सेवेमुळे १०० टक्के अपंगत्व आलेल्या जवानाला सेवा-पेन्शनच्या हिश्श्याखेरीज डिसॅबिलिटीचा हिस्सा म्हणून शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के रक्कम मिळते. टक्के कमी असतील तर त्या प्रमाणात रक्कम घटते. युद्धात जखमी होऊन सेवेतून बाहेर काढलेल्याला १०० टक्क्यांना हा हिस्सा शेवटच्या वेतनाइतका असतो. शिवाय २००१ च्या त्याच पत्राने बोर्डाउट झालेल्यांसाठी, म्हणजे वैद्यकीय मंडळाने सेवेतून काढलेल्यांसाठी, राउंडिंग ऑफ आणले. ५० पेक्षा कमी टक्के ५० धरायचे, ५० ते ७५ असतील तर ७५, आणि ७६ ते १०० असतील तर १००. मुदत पूर्ण करून किंवा वयानुसार निवृत्त झालेल्यांना हा लाभ नाकारला जात होता. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात तो त्यांनाही दिला आणि सरकारची शेकडो अपिले एकदम फेटाळली.

राउंडिंग ऑफमुळे अनेकांचे भले झाले. हाताच्या तक्त्यावर मात्र त्याचा एक विचित्र परिणाम होतो. मंडळाने ६० किंवा ७० टक्के लिहिले, तर ते ७५ होतात. ८० किंवा ९० लिहिले, तर १०० होतात. म्हणजे संपूर्ण पंजा गमावलेला आणि कोपरावरून हात गमावलेला हे दोघे एका पायरीवर येतात. कोपरावरच हात गेलेल्या दोघांपैकी ज्याचा हात खांद्यापासून आठ इंचांहून थोडा कमी उरला तो मात्र वरच्या पायरीवर जातो. शेवटचे वेतन ४० हजार धरले, तर साध्या डिसॅबिलिटीत एकाला दरमहा १२ हजार आणि दुसऱ्याला ९ हजार मिळतात. युद्धजखमीच्या हिश्श्यात हाच फरक ४० हजार आणि ३० हजार असा होतो, आणि त्यावर महागाई भत्त्याचा फरक जन्मभर चढत राहतो. शस्त्रक्रिया करणारा सर्जन हात वाचवण्यासाठी जितका जास्त भाग राखतो, तितके टक्के खाली येतात. कृत्रिम हात बसवायला लांब थोटूक उपयोगी पडते हे खरे. पण दोन इंचांच्या अंतरावर पेन्शनचा चौथा हिस्सा टांगलेला असणे कोणत्याही वैद्यकीय तर्कात बसत नाही.

नागरी कायद्याने या टप्प्यावर एक पाऊल पुढे टाकले आहे. १९७५ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे ओडिशातल्या एका सुताराचे प्रकरण आले. कामावर पडून त्याचा डावा हात कोपरावर कापावा लागला होता, आणि मालकाचे म्हणणे होते की तक्त्याप्रमाणे ७० टक्केच द्यावे लागतील. सुताराला एका हाताने सुतारकाम करता येत नाही, म्हणून त्याची कमावण्याची क्षमता १०० टक्के गेली, असे न्यायालयाने मानले. २०१० मध्ये राज कुमार विरुद्ध अजय कुमार या अपघात-भरपाईच्या निकालात हेच तत्त्व न्यायालयाने नीट मांडले. हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार असेल, तर त्याची सगळी कमाई जाऊ शकते. सरकारी कारकून असेल तर नोकरी टिकू शकते. त्यामुळे शरीराचे टक्के आणि कमाईचे टक्के स्वतंत्रपणे तपासायला हवेत.

नागपूरच्या परिसरात हा फरक रोजच्या जगण्यातला आहे. पुलगावचे दारूगोळा भांडार, भंडाऱ्याची आयुध निर्माणी, अंबाझरीची निर्माणी या भागांत स्फोटकांबरोबर काम करणारी माणसे राहतात. पुलगावला मे २०१६ मध्ये आग लागली, नोव्हेंबर २०१८ मध्ये जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, भंडाऱ्याला जानेवारी २०२५ मध्ये स्फोट झाला. अशा ठिकाणी सैनिक, निर्माणीचा कामगार आणि ठेकेदाराचा मजूर शेजारी-शेजारी उभे असतात. तिघांचे हात एकाच क्षणी गेले, तरी तिघांचे मोजमाप वेगळ्या कायद्यांत होईल. मजुराला सुताराच्या निकालाचा आधार घेऊन आपल्या कामाचा प्रश्न मांडता येईल. सैनिकाला जन्मभराची आणि महागाईशी जोडलेली पेन्शन मिळेल, पण तिचे टक्के ठरवताना त्याच्या पुढच्या कामाचा विचार होणार नाही. दोन्ही व्यवस्थांनी एकमेकींकडून शिकावे असे इथे भरपूर आहे.

परदेशांतली उदाहरणेही उपयोगी आहेत. अमेरिकेत माजी सैनिकांच्या तक्त्यात वापरातला हात आणि दुसरा हात यांत आजही फरक आहे. दंडाच्या वरच्या भागातून वापरातला हात गेला तर ९० टक्के, दुसरा गेला तर ८०. खांद्यातून गेला तर मात्र दोन्हींना ९०. आपण १९६२ मध्ये सोडलेला उजव्या-डाव्याचा भेद तिथे माणसागणिक तपासून टिकवला आहे, म्हणून डावखुऱ्यावर अन्याय होत नाही. जर्मनीत खांद्यातून हात गेला तर ८०, दंडातून ७० आणि पंजा गेला तर ५० अशी साधी चढण आहे. ब्रिटनने २००५ पासूनच्या इजांसाठी एकरकमी भरपाईबरोबर गंभीर इजांना जन्मभर खात्रीचे उत्पन्न जोडले. कुठल्याही देशाने अडचण पूर्ण सोडवलेली नाही. पण वापरातला हात कोणता, आणि आयुष्यभराचे उत्पन्न किती बुडाले, हे दोन प्रश्न विचारता येतात आणि त्यांचे कागदावर उत्तर देता येते, एवढे यातून सिद्ध होते.

तक्त्यात न बसणारे नुकसान पुनर्वसनाच्या डॉक्टरांना चांगले ठाऊक असते. नसलेल्या हातात वेदना जाणवते, कित्येकांना वर्षानुवर्षे. उरलेल्या हाताच्या खांद्यावर आणि मानेवर दुप्पट भार येतो, आणि तो झिजतो. कृत्रिम हात मिळाला तरी तो रोज वापरला जाईलच असे नाही. पायाच्या तुलनेत कृत्रिम हात सोडून देणाऱ्यांचे प्रमाण जास्त असते, कारण हाताला नुसता भार पेलायचा नसतो, स्पर्श कळायला हवा असतो. केबलने चालणारा हात जड पडतो, विजेवर चालणारा महाग आणि नाजूक असतो. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, थोटकाला घट्ट बसणाऱ्या खोबणीत घामाने कातडी सोलते, आणि मग हात खुंटीवर टांगला जातो. वर्धा किंवा यवतमाळच्या गावी परतलेल्या जवानाला कापूस वेचायचा असतो, फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचा असतो, बैलांवर जू ठेवायचे असते. यातले एकही काम एका हाताचे नाही. मुंबईत कार्यालयात बसणाऱ्या आणि बाभूळगावात शेती करणाऱ्या दोन सैनिकांना एकच टक्के लिहिले, तर त्यांतल्या एकावर अन्याय होतो.

या प्रश्नावरचे राजकारण गेल्या दहा वर्षांत बरेच तापले. सातव्या वेतन आयोगाने टक्केवारीऐवजी ठरावीक रकमा सुचवल्या. १०० टक्क्यांना अधिकाऱ्याला २७ हजार, जेसीओला (कनिष्ठ कमिशन्ड अधिकाऱ्याला) १७ हजार, जवानाला १२ हजार. नागरी कर्मचाऱ्यांना मात्र टक्केवारीच राहणार होती. माजी सैनिकांनी आवाज उठवला आणि सरकारने सैनिकांसाठीही टक्केवारी राखली. त्याआधी २०१५ मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांनी नेमलेल्या तज्ज्ञ समितीने जखमी सैनिकांविरुद्धची अनावश्यक अपिले मागे घ्यावीत अशी शिफारस केली होती. दुसरीकडे, रक्तदाब आणि मधुमेहासारख्या आजारांवर अपंगत्वाची पेन्शन घेणाऱ्यांची, विशेषतः अधिकाऱ्यांची संख्या महालेखापरीक्षकांनी दाखवून दिली. सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आणि नवी मार्गदर्शिका आली, आणि सेवेतून काढले गेलेले व अपंगत्व घेऊनच निवृत्त झालेले यांच्यात नव्याने रेषा आखली गेली. जीवनशैलीच्या आजारांची कडक तपासणी व्हावी, याला माझा विरोध नाही. पण त्या संशयाची सावली हात गमावलेल्याच्या फायलीवर पडू नये. कापलेला हात कोणी बनाव करून दाखवत नाही. या दोन प्रकारांची चौकशी वेगळ्या खिडकीवर व्हायला हवी.

सगळ्यांत मोठी चिंता अग्निवीरांची आहे. २०२२ च्या योजनेत सेवेमुळे अपंग झालेल्या अग्निवीराला १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख आणि ५० ला १५ लाख अशी एकरकमी रक्कम आणि उरलेल्या काळाचे वेतन मिळते. मासिक डिसॅबिलिटी पेन्शन मिळत नाही. वीस वर्षांच्या मुलाचा हात गेला, तर त्याच्यापुढे किमान चाळीस वर्षांचे कामाचे आयुष्य उरते. एकरकमी पैसा घर बांधण्यात, कर्ज फेडण्यात, बहिणीच्या लग्नात संपतो, आणि हाताची उणीव मात्र दर महिन्याला भासते. प्रशिक्षणात जायबंदी होऊन बाहेर पडलेल्या कॅडेटांचे हालही तसेच होते. पुण्याच्या खडकवासल्यातल्या एनडीएसारख्या संस्थांतून आलेल्या या मुलांना माजी सैनिकाचा दर्जा नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःहून दखल घेतली, आणि त्यांना ईसीएचएस या माजी सैनिकांच्या योजनेतली आरोग्यसेवा मिळू लागली. उत्पन्नाचा प्रश्न अजून शिल्लक आहे.

महाराष्ट्र शासनाने या बाबतीत एक चांगला पायंडा पाडला आहे. युद्धात किंवा मोहिमेत अपंग झालेल्या राज्यातल्या सैनिकांना २०१९ च्या निर्णयानुसार २५ टक्क्यांपर्यंत २० लाख, ५० टक्क्यांपर्यंत ३४ लाख आणि त्यावर ६० लाख रुपये मिळतात. पंजा गमावलेला आणि खांद्यापासून हात गमावलेला, दोघेही सर्वांत वरच्या पायरीवर येतात. इथे इंचांचा हिशोब होत नाही, आणि तो केंद्रातही होऊ नये.

मग काय करायला हवे? वैद्यकीय मंडळाच्या अर्जात शरीराच्या टक्क्यांखाली कामाच्या टक्क्यांचा स्वतंत्र रकाना असावा, आणि तो पुनर्वसनतज्ज्ञाने भरावा. वापरातला हात कोणता, हे लिहिणे सक्तीचे असावे. एका हाताच्या कोपराच्या वरच्या सगळ्या इजा एकाच पायरीवर आणाव्यात. नसलेल्या हाताची वेदना आणि दुसऱ्या खांद्याची झीज यांसाठी पाच-दहा वर्षांनी फेरतपासणी मागण्याचा हक्क असावा, आणि तीत टक्के वाढू शकतील पण घटणार नाहीत. पेन्शनचे टक्के ठरवताना दिव्यांगत्व प्रमाणपत्रावरचा आकडा जास्त असेल, तर कमी आकडा का धरला याचे लेखी कारण द्यावे. अग्निवीर आणि कॅडेट यांना मासिक हिस्सा द्यावा, एकरकमी रक्कम त्याच्या जोडीला असावी.

ज्यांच्या घरात असा सैनिक आहे, त्यांच्यासाठी आजच्या नियमांतही काही गोष्टी हातात आहेत. इजा झाल्याच्या वेळचा अहवाल आणि मंडळाच्या कार्यवाहीची प्रत मागून घ्यावी. नकार आला तर सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करावे, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जावे. २००९ पासून हे न्यायाधिकरण अशीच प्रकरणे ऐकते आहे. पीपीओवरचे टक्के राउंडिंग ऑफ करून धरले आहेत की नाहीत, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तपासून घ्यावे. आपला डॉक्टर रामदासपेठेतला असो वा कामठीचा, त्याला सैनिकाने आपले काम काय होते आणि आता काय जमत नाही, हे सविस्तर लिहून द्यायला सांगावे. हे लिखाण आज तक्त्यात बसत नसले, तरी अपिलात त्याचा उपयोग होतो.

तक्ते वाईट नसतात. ते अधिकाऱ्याच्या मर्जीपासून सैनिकाचे रक्षण करतात, म्हणून ते टिकले. पण तक्त्याने खालची मर्यादा ठरवावी, वरची नव्हे. देशाने सैनिकाला उजवा हात उंचावून शपथ घ्यायला लावली, त्याच्या दोन्ही हातांत बंदूक दिली. तो हात गेल्यावर भरपाईची चर्चा खांद्यापासूनच्या इंचांवर थांबू नये. एवढी अपेक्षा ठेवण्याचा आणि ती मागण्याचा पूर्ण अधिकार त्याला आहे.